तीन व्याही आणि भामचंद्राचा कडा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात सुतळी जमते तसं त्यांचं असतं. वाण्याचा पुडा सोडला की सुतळी गुंडाळून कोनाड्यात टाकायची, कधीतरी लागेल म्हणून. लागत कधीच नाही, पण एक दिवस दुसरंच काही शोधायला हात घालावा तर हा एवढा गुंडा बाहेर येतो. माझ्याकडे अमेरिकन लोकांचा असा एक गुंडा आहे. हल्ली संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की प्रत्येकाचा मुलगा नाहीतर नात अमेरिकेत. "अमेरिकन माणूस कसा असतो, सांगू का..." असं कुणी सुरू केलं की माझं डोकंच फिरतं. अहो, कुठला अमेरिकन? कोकणातला माणूस आणि आमच्या बार्शीचा माणूस एका पंगतीला बसवा आणि मग मला सांगा, मराठी माणूस कसा असतो ते!

मी अमेरिका पहिल्यांदा पाहिली ती चिंचवड स्टेशनमागच्या एका बंगल्यात. आणि तिथे ती एक नव्हती, तीन होत्या. तिन्ही एका टेबलावर जेवायच्या आणि एकमेकींचं काहीएक ऐकून घ्यायच्या नाहीत.

*

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कुणी शहर म्हटलं असतं तर लोक हसले असते. नुसता माळ, बाभळी आणि कातळ. पिंपरीला निर्वासितांची वस्ती नुकती बसलेली, आणि अधूनमधून एखाद्या नव्या कारखान्याचं धुराडं. त्यातलं एक आमचं. आम्ही काचेच्या बाटल्या करायचो, म्हणजे करणार होतो. बाटल्यांचं यंत्र अमेरिकेहून आलं होतं आणि ते बसवायला तीन अमेरिकन इंजिनिअर.

हॅनसन कोलोरॅडोचा. म्हणजे त्यांच्या पश्चिमेचा, मोठमोठ्या डोंगरांच्या मुलखातला. बोमन जॉर्जियाचा, दक्षिणेकडचा, जिथे ऊन, शेती आणि गप्पा या तीन गोष्टी भरपूर. आणि टटल व्हरमाँटचा, ईशान्येच्या कोपऱ्यातला, जिथे अर्धं वर्ष बर्फ असतं आणि माणसं तोंड उघडत नाहीत, बहुतेक आत थंडी जाईल म्हणून.

मी स्टोअर्समध्ये होतो. इंग्रजी बरं, म्हणून या तिघांना हवं-नको बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यंत्राची देखभाल शिकायला कंपनी आपल्यातला एक माणूस वर्षभर अमेरिकेत पाठवणार. माणूस निवडायचा या तिघांनी. अट एकच, तिघांचं एकमत हवं. नाही झालं तर जागा रद्द.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जायचं तर होतंच, पण या तिघांचं एकमत? सकाळच्या चहात दूध घालावं की नाही यावर ज्यांचं जमत नव्हतं, ते माझ्या नावावर कसं जमणार? दावेदार तसे दोघंच उरले होते, मी आणि प्रॉडक्शनमधला केळकर. केळकर पुण्याचा, पेठेतला, हुशार आणि बोलायला फर्डा. मी त्याच्यासारखा बोलू शकत नव्हतो आणि स्वस्थही बसू शकत नव्हतो.

*

बोमनचा किस्सा आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

बोमनला भेटलं की कामाचं लगेच बोलायचं नाही, असा नियम होता. तो आधी तुमच्या आईची चौकशी करणार, मग वडिलांची, मग स्वतःच्या मावशीची एक गोष्ट सांगणार, आणि त्या गोष्टीतल्या घोड्याची वेगळी गोष्ट सांगणार. तोवर भट्टी विझायची वेळ यायची. हॅनसन म्हणायचा, याला "आग लागली" असं सांगायचं असेल तर हा आजोबांपासून सुरुवात करील.

हा बोमन न्याहारीला रोज उदास. त्याला त्याच्या गावाकडचं काहीतरी हवं होतं. पांढरं, जाडसर, धान्याचं, कढत. खानसाम्याने उपमा केला, खीर केली, साबुदाणासुद्धा करून पाहिला. बोमन प्रत्येक वेळी अदबीने आभार मानायचा आणि बशी बाजूला सारायचा.

मी घरी सहज हे सांगितलं तर आमची सुमन म्हणाली, "अहो, कण्या की त्या!"

मी तिला गप्प केलं. ज्वारीच्या कण्या म्हणजे आमच्याकडे घरात दुसरं काही नसलं की शिजवायच्या. त्या साहेबापुढे ठेवायच्या? पण सुमन माझं ऐकणारी नव्हे. सकाळी पितळेचा डबा माझ्या हातात. कण्या, वर लोण्याचा गोळा.

बोमनने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो उठून उभा राहिला आणि त्या पितळेच्या डब्यालाच कमरेत वाकून नमस्कार केला. हॅनसन म्हणाला, हे आमच्याकडे कोंबड्यांना घालतात. सगळे उठल्यावर टटलने डबा पुढे ओढला आणि उरलेलं सगळं खाल्लं, कारण अन्न टाकणं त्याला बघवत नसे.

डबा घासूनपुसून परत आला. घासला कुणी, तर टटलने. खानसामा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

*

हॅनसनच्या पायाला भिंगरी होती. समोर टेकाड दिसलं की त्याचा एकच प्रश्न, "त्याच्या पलीकडे काय आहे?" मी सांगायचो, दुसरं टेकाड. "आणि त्याच्या पलीकडे?" त्याच्या आजोबांनी म्हणे शेजारच्या घराचा धूर दिसायला लागला म्हणून घर मोडलं आणि आणखी पश्चिमेला गेले. हॅनसनचं लग्न झालेलं होतं, पण बायको दुसऱ्या राज्यात राहायची. धुराचीच भानगड असणार.

रविवारी तो कंपनीची जीप काढायचा आणि मला शेजारी बसवायचा. एकदा सांगवीजवळ मुळेच्या काठी आलो. पलीकडे औंध दिसत होतं. मी म्हटलं, पुलावरून जाता येतं, थोडा वळसा पडतो. पण वळसा हा शब्द कोलोरॅडोत नसावा. त्याने जीप सरळ पाण्यात घातली.

मधोमध जाऊन ती बसली. पाणी सीटपर्यंत. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. शेवटी एका गवळ्याने दोन म्हशी जोडून जीप बाहेर काढली, आणि काढली ती ज्या काठावरून आम्ही उतरलो होतो त्याच काठावर!

मला लाजेने मेल्यासारखं झालं. हॅनसन मात्र भिजलेल्या पँटने म्हशीच्या पाठीवर थोपटत खूश होता. म्हणाला, आल्यापासून आजचा दिवस सर्वांत चांगला गेला.

*

टटलची तऱ्हा तिसरी. पुण्याहून चिंचवडपर्यंत लोकलमध्ये मी त्याच्यासमोर बसून आलो आहे. खडकीला मी म्हटलं, आज उकडतंय. तो विचारात पडला. गाडी दापोडी सोडून पुढे गेली, कासारवाडी गेली. चिंचवडला उतरताना म्हणाला, "हो."

यंत्रातून पहिली बाटली निघाली तो दिवस कंपनीत सणासारखा होता. नारळ फोडला, पेढे वाटले, कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनी ती बाटली हारात गुंडाळून टटलच्या हातात दिली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. दोन शब्द म्हणजे भाषण, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बाटली उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. सगळे श्वास रोखून उभे.

"बाटली आहे," टटल म्हणाला आणि खाली बसला.

*

मधे आयोवाचा एक जण थोड्या दिवसांसाठी येऊन गेला, तेही सांगून टाकतो. आयोवा म्हणजे त्यांचा मधला सपाट मुलूख, सगळी मक्याची शेतं. हा यंत्राचा एक भाग तपासायला आलेला. चाकणला जाताना कुरुळीपाशी त्याने जीप थांबवायला लावली आणि सरळ बाजरीत शिरला. ते शेत नेमकं आमचा टाइमकीपर सोपान याच्या वडिलांचं. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, याला मराठी. दोघं बांधावर उकिडवे बसले. याने माती उचलून वास घेतला, त्यांनी कणीस चोळून दाणे याच्या तळहातावर ठेवले. दुपार कलली तरी हलायचं नाव नाही.

निघताना मी सोपानच्या वडिलांना विचारलं की एवढं काय बोलत होतात?

"पावसाचं," म्हातारा म्हणाला. "त्यांच्याकडं बी येळेवर न्हाई येत."

बंगल्यावर मी हे सांगितलं तेव्हा तिघांचं म्हणणं पडलं की आयोवाचे लोक कंटाळवाणे असतात. मला एकदम आशा वाटली की यांचं एकमत होऊ शकतं! पण मग कंटाळवाणे का, यावरून त्यांचं जे सुरू झालं ते जेवण संपेपर्यंत चाललं.

*

दिवस चालले होते. हॅनसन महिनाअखेर जाणार असं कळलं, आणि निवडीचं नावही कुणी काढत नव्हतं. मी घरात येरझारा घालायचो. दोन खोल्यांत येरझारा त्या किती घालणार? सुमन शेवटी वैतागली.

"तुम्ही बसता की मी उठू?" ती म्हणाली. मग तिने समजावलं, की आपल्याकडे लग्नात एक व्याही सांभाळताना नाकी नऊ येतात, तुमच्या मांडवात तीन आहेत. ज्याचा त्याचा मानपान वेगळा ठेवा. एकाला खुर्ची लागते, एकाला पाट, एकाला नुसतं विचारलेलं पुरतं. ज्याला जे हवं ते द्या, की तिघंही प्रसन्न.

मला ते एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी तीन व्याह्यांचा मानपान सुरू केला. हॅनसनशी बोलताना मी बसायचं सोडलं. उभ्या उभ्या, एक पाय दाराबाहेर ठेवून बोलायचो. बोमन भेटला की त्याच्या मावशीच्या घोड्याची विचारपूस. टटलसमोर गेलो की तोंड बंद. हॅनसनला सांगितलं की तुमचे डोंगर बघायची फार इच्छा आहे. बोमनला सांगितलं की तुमच्या अंगणात बसून तुमच्या आईच्या हातचं जेवायचं आहे. टटलला काही सांगितलं नाही, पण अशा चेहऱ्याने सांगितलं नाही की मला व्हरमाँटच बघायचंय हे त्याला समजावं.

हे बरं चाललं होतं. पण एकदा भट्टीजवळच्या बोळात तिघंही एकदम समोर आले. माझा एक पाय आपोआप पुढे गेला, हात अदबीने छातीवर आला, आणि तोंड घट्ट मिटलं. तिघं माझ्याकडे बघत राहिले आणि निघून गेले. मागून सोपान आला. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "सायेब, अंगात येतंय का?"

*

मुलाखतीला आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. कामाचं त्यांनी फारसं विचारलं नाही. तिघांना घोर वेगळाच होता. दुसऱ्या एका कंपनीने पाठवलेला माणूस तिकडेच राहिला होता म्हणे, आणि ज्यांनी त्याला निवडलं त्यांची शोभा झाली होती. म्हणून हॅनसनने सरळच विचारलं, परत येशील का?

केळकरने यावर देशसेवेचं फार सुंदर भाषण केलं. मला ते दाराबाहेर ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक माझा जीव खालीवर होत होता. माझी पाळी आली. "येईन," मी म्हटलं. मग टेबलापलीकडचे तीन चेहरे पाहून मला सुचेना की आता पाय पुढे टाकावा, घोड्याचं विचारावं की गप्प बसावं. मी गप्प बसलो. बाहेर आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

निकाल लागला नाही. टटल एकीकडे, बोमन दुसरीकडे, आणि हॅनसनला बसून निर्णय घेणंच जमत नव्हतं. घरी मी सुमनला म्हटलं, बहुतेक गेलं हातचं. ती भाकरी थापत होती.

"आणि झालं तर?" तिने विचारलं.

झालं तर वर्षभर तू बार्शीला आईकडे राहा, मी म्हटलं. आमचं दोघांचं सासर-माहेर बार्शीतच, मधे दोन गल्ल्या. भाकरी उलटायची राहिली आणि करपली. एवढ्या वर्षांत तिच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकच खाल्ली.

*

आता डोंगराचं.

तिघांचं शेवटचं भांडण डोंगर कशाला म्हणावं यावरून झालं. बंगल्याच्या व्हरांड्यातून उत्तरेला टेकड्यांची रांग दिसायची. हॅनसन म्हणाला, कोलोरॅडोत असल्यांना आम्ही नावसुद्धा देत नाही. बोमन म्हणाला, आमचे डोंगर उंच नाहीत, पण म्हातारे आहेत, निळे आहेत आणि माणसाळलेले आहेत. टटल बऱ्याच वेळाने म्हणाला, "ग्रॅनाइट." म्हणजे त्याच्या मते खडक ग्रॅनाइटचा नसेल तर डोंगरच नव्हे. मॅनेजरसाहेब हे ऐकत होते. ते म्हणाले, मग रविवारी एखाद्या डोंगरावर जाऊनच या, आणि येताना अमेरिकेला जाणाऱ्याचं नाव ठरवून या. डोंगरावरचा वारा लागला की माणसं शहाण्यासारखी वागतात, असा त्यांचा समज होता.

मी चाकणजवळचा भामचंद्र सुचवला. चढायला बेताचा, वर काळा कातळ, कड्यात गुहा, गुहेत महादेव. केळकरला घेणं भागच होतं. बोमनने आणखी एक अट घातली की ज्या बाईंनी कण्या पाठवल्या त्यांना घरी ठेवून सहलीला जाणं सभ्य माणसाला शोभत नाही. म्हणून सुमनही आली, डबा घेऊन.

जीप पायथ्याशी ठेवून आम्ही चढायला लागलो. हॅनसन सगळ्यांच्या पुढे, पायवाट सोडून. दोनदा तो नुसत्या दरडीपाशी जाऊन अडकला आणि परत आला. बोमन दर वळणावर थांबून गोष्ट सांगायचा. टटल एकाच चालीने, न थांबता, न बोलता, सगळ्यांच्या आधी गुहेपाशी पोचला.

गुहेबाहेर सगळ्यांनी बूट काढले. टटलच्या मोज्यांना टाचेपाशी इतकं बारीक रफू केलेलं होतं की सुमन वाकून बघत राहिली. त्याने स्वतःच केलंय, हे मी तिला सांगितलं. "मग हा व्याही घरंदाज आहे," ती म्हणाली.

गुहेतल्या महादेवाचा गुरव म्हातारा होता. त्याने अंगारा लावला, आणि आम्ही वरच्या कातळावर जायला निघालो तर तोही काठी टेकत मागे आला. वर पोचलो. वारा असा होता की धोतराचा सोगा, सुमनचा पदर, बोमनची हॅट, सगळं हातात धरावं लागत होतं. खाली इंद्रायणीचं खोरं, चाकणच्या बाजूला कांद्याची शेतं, आणि लांबवर एकामागे एक डोंगर. हॅनसन कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याने "पलीकडे काय आहे" असं विचारलं नाही.

मला काही दिसत नव्हतं. या वाऱ्यात तरी ठरतंय का, एवढंच मी बघत होतो.

तेवढ्यात गुरव म्हणाला की वर आलेल्या माणसाला इथली रीत पाळावी लागते. आपलं गाव कुठल्या अंगाला आहे ते दाखवायचं, तिकडे तोंड करून हात जोडायचे, आणि मगच उतरायचं. गावाला न सांगता डोंगर उतरला तर डोंगर माणूस ठेवून घेतो.

मी हे तिघांना इंग्रजीत सांगितलं. बोमनला रीत फारच आवडली. तो मुंबईला बोटीने उतरलेला, त्यामुळे त्याने हॅट काढून पश्चिमेकडे तोंड केलं, मुंबईच्या बाजूला, समुद्राकडे, आणि मन लावून हात जोडले. हॅनसन म्हणाला, काहीतरीच. कोलोरॅडो गाठायचं तर मी पूर्वेकडूनच जाईन, पॅसिफिकवरून, कारण आलो ती वाट पुन्हा धरायची नाही असा माझा शिरस्ता आहे. आणि त्याने पूर्वेला तोंड केलं. टटल दोघांकडे बघत होता. मग त्याने बुटाची टाच कातळावर दोनदा आपटली आणि बोटाने सरळ खाली दाखवलं.

गुरव वाकला आणि टटलचा बूट होता तिथे त्याने नीट पाहिलं.

"ह्यो खाली राहतो?" त्याने मला विचारलं.

मी त्याला पृथ्वी गोल असल्याचं समजावलं. ते त्याने ऐकून घेतलं.

"आसंल," तो म्हणाला. "पर एका मुलखाची मान्सं म्हनता आन् मुलूख तीन बाजूला? म्हनूनच मगाधरनं भांडत्यात."

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. तिघं तिकडे कोणती दिशा खरी यावर हमरीतुमरीवर आले होते. पृथ्वी, पॅसिफिक, सुवेझ, सगळं निघालं. वाऱ्याचा काही उपयोग झाला नव्हता. हॅनसन गुरुवारी जाणार होता. संपलं, असं मी मनात म्हटलं.

गुरवाने मग केळकरला विचारलं. केळकर पोळीची सुरळी खात बसला होता. "पुणं कुठे आहे हे दाखवावं लागतं?" तो म्हणाला आणि दुसरी सुरळी घेतली.

"आन् तुमचं, दादा?" गुरव माझ्याकडे वळला.

बार्शी, मी म्हटलं. त्याने बार्शीचं नाव ऐकलेलं नव्हतं. "लांब असंल," तो म्हणाला, "पर दावा."

मला कसं सुचलं कोण जाणे. इतका वेळ तिघांना सांभाळून मी थकून गेलो होतो. पाय पुढे टाकायचा नव्हता, घोड्याचं विचारायचं नव्हतं. कुणाचाच मानपान राहिला नव्हता. मी वळलो, खाली एक सरळ पांढरा रस्ता लांब धुरकटात जाताना दिसला, त्याच्या टोकाकडे हात केला आणि म्हटलं, "ते तिकडे." आणि म्हणता म्हणता मला घर दिसलं. दारातली तुळस, आईचा खोकला, कुर्डुवाडीला उतरून धरायची ती छोटी गाडी. माझे हात आपोआप जोडले गेले आणि डोळे भरून आले. लाज वाटली, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

भांडण थांबलं होतं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बोमन माझ्या शेजारी येऊन उभा होता, हॅट छातीशी धरून. हॅनसन कड्यावरून मागे आला होता. टटल त्याच्या पलीकडे. तिघंही माझ्या हाताच्या रोखाने त्या धुरकटाकडे बघत होते. सुमन तेवढी थोडी अलीकडे, आमच्याकडे पाठ करून, पदर डोक्यावर घट्ट धरून उभी होती. परक्या पुरुषांत अवघडली असेल, असं मला वाटलं.

"हा परत येईल," टटल म्हणाला.

बोमनने मान डोलावली. हॅनसन म्हणाला, "ठरलं."

एवढंच. ना कुणी टाळी वाजवली, ना हात मिळवला. पाठवायचं होतं ओहायोला, जिथे तिघांपैकी कुणीच राहत नव्हतं. केळकरने सुरळी संपवली आणि मोठ्या मनाने माझं अभिनंदन केलं. गुरव म्हणाला, चला, आता उतराया हरकत न्हाई.

उतरताना तिघं पुढे होते. हॅनसन पुन्हा पायवाट सोडून गेला होता आणि बोमन त्याला वरून हाका मारत होता. मी आणि सुमन मागे, रिकामा डबा माझ्या हातात. मला एवढा आनंद झाला होता की पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं. ती पहिल्या वळणावर थांबली.

"बार्शी तिकडे नव्हती," ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे?

"तुम्ही दाखवलंत तिकडे खेड. मग मंचर, नारायणगाव, आणि सरळ गेलात तर नाशिक. बार्शी मी तोंड करून उभी होते त्या अंगाला. तुम्ही गाडीत बसल्याबरोबर झोपता. खिडकीशी मी असते."

मी जागच्या जागी उभा राहिलो. खाली बोमनची हाक ऐकू येत होती.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

तिने माझ्या हातातला डबा घेतला, झाकण नीट बसवलं.

"तीन व्याही पहिल्यांदाच एका बाजूला बघत होते," ती म्हणाली. "मी कशाला त्यांच्या माना वळवू?"